"घोडीचा कागद कुठाय?" : मेंढपाळांच्या घोडचोरीबद्दल खुले पत्र

प्रति,
मा. पोलीस महासंचालक, महाराष्ट्र राज्य
मा. आयुक्त, पशुसंवर्धन, महाराष्ट्र राज्य

महोदय,

माझी आई कधी शाळेत गेली नाही, पण आमच्या वाड्यावरच्या सहाही घोड्यांच्या अंगावरचे भोवरे तिला तोंडपाठ आहेत. कुणाच्या कपाळावर एक, कुणाच्या मानेवर दोन, कुणाच्या कुशीला केस कोणत्या बाजूला फिरलेत, हे ती अंधारात नुसता हात फिरवून सांगते. गेल्या वर्षी मार्गशीर्षात एका पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून ती हेच सांगत होती. समोरच्या अंमलदाराने पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, "मावशी, ते राहू द्या. घोडीचा कागद कुठाय?"

त्या अंमलदारावर माझा राग नाही. मोटारसायकल चोरीला गेली तर तो आरसी बुक मागतो, मोबाईल गेला तर बिल मागतो. घोडी गेल्यावर घोडीचा कागद मागणं त्याच्या हिशेबी बरोबरच होतं. असा कागद या राज्यात मेंढपाळाला कोण देतं, एवढं मला तुम्हा दोघांना विचारायचं आहे.

आम्ही पारनेर तालुक्यातले धनगर. दिवाळी झाली की आमच्याकडचं गवत सरतं आणि वाडे खालच्या अंगाला निघतात. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो, वाडा म्हणजे चिरेबंदी घर नव्हे. चार-पाच बिऱ्हाडं, त्यांची मेंढरं, घोडी, कुत्री असा सगळा मिळून एक वाडा होतो. बापेमाणसं मेंढरं चारत एका वाटेने जातात आणि बाया बिऱ्हाड घोड्यांवर लादून दुसऱ्या वाटेने पुढच्या मुक्कामाला पोचतात. घोड्यावर काय नसतं? मेंढरं कोंडायच्या जाळ्या म्हणजे वाघरी, खुंट्या, पाल, पिठाचा डबा, हंडे, औषधाची पिशवी, कोंबड्या, कालच जन्मलेली कोकरं आणि सगळ्यांच्या वर एखादं चालता न येणारं लेकरू. मी स्वतः लहानपणी घोड्याच्या पाठीवर बसूनच घाट उतरलो आहे. लादायचं काम आईचं, घोडं कुठं दुखतं-खुपतं ते बघायचं कामही आईचं. म्हणून घोडी चोरीला गेली तर तक्रार सांगायला ठाण्यात बाईमाणूसच हवं, कारण घोडीची खरी माहिती तिलाच असते. हे सुद्धा तिथे कुणी विचारलं नाही.

त्या रात्री आमचा मुक्काम घाटमाथ्याच्या अलीकडे, कापून झालेल्या भाताच्या खाचरांत होता. शेतकऱ्याने खतासाठी मेंढरं बसवली होती. मध्यरात्रीनंतर कुत्री एकदम वाघरीच्या पलीकडे धावली. लांडगा आला असं समजून वडील आणि चुलते काठ्या घेऊन त्या बाजूला गेले. कुणीतरी तिकडे मुद्दाम कुत्र्यांना उठवलं होतं, हे नंतर कळलं. परत आले तेव्हा दुसऱ्या बाजूला बांधलेली आमची घोडी, चांदणी, नव्हती. पायबंद पात्याने कापून तिथेच टाकलेला होता. पालाच्या आतून, झोपलेल्या पोरांच्या उशालगतचं खोगीर, पोटाखालून आवळायचा तंग, शेपटीखालची दुमची आणि लगाम, सगळं गेलं होतं. टापांचे ठसे डांबरी रस्त्यापर्यंत होते आणि तिथे टेम्पोच्या चाकांचे होते.

पहाटेच वडील आईला घेऊन ठाण्यात गेले. "चरत गेली असेल, दोन दिवस शोधा, मग या." दोन दिवसांनी गेले तर ते शेत शेजारच्या ठाण्याच्या हद्दीत येतं असं कळलं. शेजारच्या ठाण्याने पुन्हा इकडेच पाठवलं. तोवर आमचा मुक्काम संपला होता. मेंढरू चारा संपलेल्या जागी थांबत नाही, त्याला तक्रारीची तारीख समजत नाही. वाडा पुढे गेला, वडील एकटे मागे राहिले, आणि चांदणीच्या पाठीवरचं ओझं आईने आणि चुलतीने डोक्यावर वाटून घेतलं. पाचव्या दिवशी एक अर्ज घेतला गेला. त्यावर "घोडी हरवली" असं लिहिलं होतं.

महासंचालक साहेब, माझं पहिलं मागणं या एका शब्दाबद्दल आहे. कापलेला पायबंद समोर असताना "हरवली" लिहू नये. हरवल्याच्या नोंदीवर तपास होत नाही. घोडा ही चोरीला जाणारी अशी चीज आहे, जी स्वतःच्या पायांनी चोराबरोबर चालत जाते आणि दर तासाला लांब जाते. पाचव्या दिवशी नोंदलेला घोडा दुसऱ्या राज्यात असतो.

कायद्यात अडचण आहे असं कुणी म्हणू नये, म्हणून कायदाही सांगतो. मी वकील नाही, पण त्या पाच दिवसांनंतर मी हे वाचून काढलं. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम ३०३ प्रमाणे चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मात्र माल पाच हजारांपेक्षा कमी किमतीचा असेल तर तो गुन्हा अदखलपात्र ठरतो, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपास करत नाहीत. आमच्या खोगीर-लगामाची किंमत कुणी ठाण्यात बसून दीड हजार लावली, की एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, लिहून विषय मिटतो. पण त्याच संहितेच्या कलम ३०५ मध्ये राहत्या घरातल्या चोरीसाठी सात वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली आहे, आणि तिथे इमारतीबरोबर तंबूचाही स्पष्ट उल्लेख आहे. जुन्या दंड संहितेच्या कलम ३८० मध्येही तो होता. माणसं राहतात तो तंबू कायद्याने घर आहे. आमचं पाल हे घर आहे. त्यातून खोगीर नेणं म्हणजे घरात शिरून केलेली चोरी आहे, मग खोगिराची किंमत काहीही असो. राज्यातल्या प्रत्येक ठाण्याला हे एका परिपत्रकाने कळवता येईल. मेंढपाळाच्या पालाला घर म्हणा, इतकंच त्यात लिहायचं आहे.

हद्दीचंही तसंच. पोलीस तपासाची पद्धत सांगणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं, की दखलपात्र गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्याने खबर नोंदवून घ्यायची. लोक याला झिरो एफआयआर म्हणतात. ही तरतूद फिरस्त्यांइतकी दुसऱ्या कुणाला लागत असेल असं मला वाटत नाही. आमची रात्र एका तालुक्यात आणि सकाळ दुसऱ्यात जाते. त्याच कायद्यात खबर देणाऱ्याला प्रत विनामूल्य द्यायची आहे, नव्वद दिवसांच्या आत तपास कुठवर आला ते कळवायचं आहे, फोनवर कळवलं तरी चालतं. आमच्या वडिलांचा पत्ता विचारला तेव्हा त्यांनी गावचा सांगितला. गावात आठ महिने कुलूप असतं. अर्जावर मोबाईल नंबर लिहून घ्यायला कुणालाच सुचलं नाही.

आता खोगिराबद्दल थोडं, कारण ठाण्यात त्याच्यावरच हसले होते. मराठीत निरुपयोगी भरण्याला खोगीरभरती म्हणतात. ज्याने घोड्याची सोललेली पाठ बघितली आहे तो हा शब्द असा वापरणार नाही. आमच्या खोगिरात आई काय भरते, किती दाबते, मणक्याच्या दोन्ही बाजूंना उंचवटा कसा ठेवते आणि मधली पन्हळ मोकळी कशी सोडते, यावर त्या घोड्याचं आयुष्य चालतं. एका घोड्याचं खोगीर दुसऱ्याच्या पाठीवर नीट बसत नाही. चांदणीचं खोगीर तिने दोन पावसाळे थोडं थोडं दुरुस्त करत जमवलं होतं. चोराने ते विकलं असेल तर शंभर-दोनशेला विकलं असेल. पुढे चांदणीचं ओझं उरलेल्या घोड्यांवर पडलं आणि त्यातल्या एकाची पाठ महिनाभरात सोलवटली. हेही त्या चोरीचंच नुकसान आहे, पण ते कोणत्या रकान्यात लिहायचं?

आयुक्त साहेब, आता तुमच्याकडे वळतो. कागदाचं उत्तर तुमच्या खात्याकडे आहे.

गाई-म्हशींच्या कानात बारा आकडी क्रमांकाचा बिल्ला आला. बिल्ल्याशिवाय जनावरांची खरेदी-विक्री होऊ नये असा आदेश राज्यात २०२४ मध्ये निघाला. चांगलं झालं, चोरांची वाट थोडी तरी अडली. घोड्याच्या कानाला बिल्ला शोभत नाही आणि टिकतही नाही, हे मान्य. पण त्याच्यासाठी त्याहून चांगली सोय जगभर रूढ आहे. तांदळाच्या दाण्याएवढी चीप, पंधरा आकडी क्रमांक, मानेच्या डाव्या बाजूला आयाळीखाली सुईने टोचायची. आपल्याकडे शर्यतीच्या घोड्यांना ती असते, वंशावळीची नोंदवही असते, पासपोर्ट असतो. लाखोंच्या मारवाडी घोड्यांचे हौशी मालकही चीप बसवून घेतात. उरलो आम्ही.

आणि आमच्याकडे जे घोडं आहे ते काही कुठलंही तट्टू नव्हे. भीमेच्या काठची ही भीमथडी घोडी. अंगाने लहान, खुराने कठीण, थोड्या चाऱ्यावर दिवसभर ओझं वाहणारी. मराठ्यांच्या घोडदळाने हीच वापरली. अलीकडेच कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली, आणि ती जात आजवर टिकली ती मुख्यतः धनगरांच्या वाड्यांवर. देशात २०१२ च्या पशुगणनेत सव्वासहा लाख घोडे-तट्टू होते, २०१९ मध्ये ते तीन लाख चाळीस हजारांवर आले. सात वर्षांत जवळजवळ निम्मे. अशा वेळी जातीला मान्यता द्यायची आणि त्या जातीच्या एकेका घोडीला मात्र ओळख द्यायची नाही, हे मला समजत नाही.

तुम्ही म्हणाल, फिरत्या माणसांच्या मागे चीप घेऊन कोण फिरणार? तुमची माणसं आत्ताही येतात. पावसाळ्याच्या तोंडावर आंत्रविषार या मेंढरांच्या रोगाची लस टोचायला पशुधन पर्यवेक्षक आमच्या वाड्यावर येतात, कधी पीपीआर या त्यांच्या दुसऱ्या रोगाची लस घेऊन येतात. शे-दोनशे मेंढरांना सुई टोचून होते, घोडी पाच-सहाच असतात. त्याच फेरीत चीप टोचा, घोड्याचे दोन्ही बाजूंचे आणि तोंडाचे फोटो घ्या, आणि एक पानाचा दाखला द्या. चीप वाचायचं यंत्र तालुक्याच्या दवाखान्यात एक आणि घोड्यांच्या प्रत्येक मोठ्या बाजारात एक, एवढं पुरतं.

दाखल्यावर भोवरे लिहा, ही माझ्या आईची सूचना आहे आणि ती मी जशीच्या तशी पुढे करतो. भोवरा जन्मभर बदलत नाही. रंग रंगवता येतो, कपाळावरचा पांढरा ठिपका, म्हणजे चांदणी, कलपाने झाकता येते, शेपूट-आयाळ कापता येते, भोवरा पुसता येत नाही. आंतरराष्ट्रीय स्पर्धांना जाणाऱ्या घोड्यांच्या पासपोर्टमध्येसुद्धा घोड्याचं रेखाचित्र असतं आणि त्यावर भोवऱ्यांच्या खुणा केलेल्या असतात. अकबराच्या फौजेत घोड्याला डाग देऊन त्याची चेहरेपट्टी वहीत उतरवत, म्हणजे हजेरीच्या दिवशी कुणी चांगला घोडा दाखवून मागून मरतुकडा उभा करू नये. चारशे वर्षांपूर्वी टाक आणि शाईने जे जमत होतं ते आज मोबाईलच्या कॅमेऱ्याने जमू नये?

कागदाची खरी गरज कुठे पडते ते मला फाल्गुनात कळलं. एका जत्रेच्या बाजारात आम्ही दुसरं घोडं बघायला गेलो होतो. आई रांगेतून चालता चालता थांबली. तिने हाक मारली नाही, नुसतं टाळूला जीभ लावून रोज लादायच्या आधी करते तसा आवाज केला. दहा घोड्यांमधून एकाच घोडीने मान वळवली. कपाळावरची चांदणी काळी केलेली होती. आईने मानेखाली हात घातला आणि दोन्ही भोवऱ्यांवर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं.

ज्याच्या हातात तिचं दावं होतं तोही गरीब माणूस होता. त्याने ती दुसऱ्या कुठल्या बाजारात रोख पैसे देऊन घेतली होती. रुमालाखाली बोटं दाबून सौदा, पावती नाही, विकणाऱ्याचं नाव माहीत नाही. बंदोबस्तावरचा हवालदार आला. त्याने दोघांनाही कागद मागितला. दोघांकडेही नव्हता. आमच्या हरवल्याच्या अर्जावर रंग "लाल" एवढंच लिहिलेलं होतं, आणि लाल घोड्या त्या बाजारात पन्नास होत्या. "मग ज्याच्या हातात दावं त्याची घोडी," असा निवाडा झाला. आम्ही तिथल्या चौकीवर जाऊन येईपर्यंत तो माणूस घोडी घेऊन निघून गेला होता.

म्हणून तुम्हा दोघांकडे मिळून एक मागणं. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो, नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत भरतो. तिथे राज्यभरचे, राजस्थान-गुजरातचे घोडे येतात, लाखांत व्यवहार होतात. या मोठ्या बाजारांपासून सुरुवात करा. बाजाराच्या तोंडाशी पशुवैद्यकाचा आणि पोलिसाचा एकच तंबू असावा. आत येणाऱ्या प्रत्येक घोड्याची चीप वाचायची, नसेल तर तिथेच टोचायची, आणणाऱ्याचं ओळखपत्र बघायचं, विक्री झाली की दोघांच्या सहीची पावती द्यायची. पावतीशिवाय घोडा बाहेर जाणार नाही. घेणाऱ्यालाही याचा फायदाच आहे. चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तसं मानायला कारण असून घेतला तर न्याय संहितेचं कलम ३१७ लागतं. पावती असली तर भोळा माणूस त्यात सापडणार नाही, आणि पावती टाळणारा आपोआप उघडा पडेल.

गाडीतून घोडा न्यायचा तर १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांप्रमाणे पशुवैद्यकाचं प्रमाणपत्र लागतं. ते रात्रीच्या नाकाबंदीत खरोखर मागितलं जावं. त्यावर चीपचा नंबर असेल तर टेम्पोतला घोडा कुणाचा हे पाच मिनिटांत कळेल. याला दुसरीही एक बाजू आहे. ग्लँडर्स हा घोड्याचा रोग माणसालाही होतो, बाधित घोड्याला उपचार न करता नष्ट करावं लागतं, आणि त्याची तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रापर्यंत जाते. चोरीचा घोडा कुठल्याच तपासणीला सामोरा जात नाही. तो रातोरात तीन जिल्हे ओलांडून नव्या तबेल्यात उभा राहतो. घोडचोर पकडणं हे रोग अडवण्याचंही काम आहे.

समजा घोडा सापडला. मग तो मुद्देमाल होतो. मोटारसायकल ठाण्याच्या आवारात वर्षभर पडून राहिली तर गंजते, घोडा उपाशी मरतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ मध्ये मालाचं वर्णन चौदा दिवसांत करून, फोटो काढून, तीस दिवसांत त्याची विल्हेवाट लावण्याची तरतूद आहे. पण घोड्याच्या बाबतीत तीस दिवससुद्धा फार होतात. फोटो, भोवऱ्यांचं वर्णन आणि जामीनपत्र घेऊन तीन-चार दिवसांत मूळ मालकाच्या ताब्यात द्यावा, यासाठी ठाण्यांनी न्यायालयापुढे स्वतःहून अहवाल ठेवावा. तोवर चाऱ्याचा खर्च कुणी करायचा हेही लिहून ठेवा. नाहीतर घोडा सापडूनही ठाणेदाराला तो ओझंच वाटतो, आणि त्याचंही मला नवल वाटत नाही.

हे पत्र माझ्या भावकीतली पोरंही वाचतील. त्यांना एवढंच सांगतो: आजच संध्याकाळी आपल्या प्रत्येक घोड्याचे फोटो काढा, डावी बाजू, उजवी बाजू, तोंड आणि भोवरे जवळून, आणि ते गावाकडच्या दोन नातेवाइकांना पाठवून ठेवा. फोन हरवला तरी फोटो राहतील. खोगिराच्या आतल्या कापडावर नाव शिवून घ्या, बाहेरून दिसायला नको. रात्री घोडी पाल आणि वाघर यांच्या मधल्या जागेत घ्या. दोरीचा पायबंद एका झटक्यात कापला जातो. साखळी वापरायची तर तिला जाड कापड गुंडाळा, नाहीतर पाय कापेल. चोरी झालीच तर ठसे तुडवू नका, कापलेली दोरी उचलण्याआधी जागेवर फोटो घ्या. तक्रारीत घोडा आणि सामान एकत्र, पूर्ण किमतीसह लिहा, आणि ठाण्याने नाकारलं तर तेच लिहून पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा. कलम १७३ मध्ये तोही मार्ग दिलेला आहे.

ठाण्यात त्या दिवशी आईचं म्हणणं लिहून घेतलं गेलं नव्हतं. काल रात्री ते मी तिच्या शेजारी बसून लिहून घेतलं आणि ते इथे देतो. ही चांदणीची नोंद आहे, तुमच्या वहीत घ्यावी.

कुमैत, म्हणजे लालसर तपकिरी घोडी, भीमथडी. वय नऊ वर्षं. उंची आईच्या खांद्याएवढी. आयाळ आणि शेपूट काळी. कपाळावर पांढरी चांदणी, खालचं टोक डावीकडे वळलेलं, सध्या काळी केलेली असू शकते. मागचा डावा पाय खुरापासून चार बोटं पांढरा. कपाळावर चांदणीच्या वर एक भोवरा. मानेखाली दोन भोवरे, एकाखाली एक, वरचा उजवीकडे फिरलेला, खालचा डावीकडे. उजव्या कुशीत एक. डाव्या कानाच्या टोकाला लहान चीर, लहानपणी बाभळीत अडकल्याची. पुढचा उजवा पाय उचलून घेताना आधी एकदा झटकते. पाणी पिताना आवाज करत नाही. टाळूला जीभ लावून आवाज केला की मान डावीकडून वळवते.

आपला,
एका मेंढपाळाचा मुलगा
तालुका पारनेर, जिल्हा अहिल्यानगर